कंदीलवाल्याचा पाय

“माणूस हाय का घाण्याचा बैल,” बिरडं सोलता सोलता जनामावशी म्हणाली. म्हणाली ती परातीतल्या वालांना, पण वाल आणि हर्षला यांच्यात हातभर अंतरही नव्हतं. “सकाळधरनं चौदा येळा. मोजल्यात मी. गच्चीवर जावा, फाटकाशी जावा, टाकी बघा, परत गच्चीवर जावा. चौऱ्यांशी वर्सांचं मानूस. आमच्या वाडीवर शेळीला पन यवढं हिंडवत नाय.”

हर्षला खोबरं खोवत राहिली. जनामावशी कशेळ्याच्या वरच्या वाडीवरून वीस वर्षं या घरी कामाला येत होती आणि तिची तक्रार कायम भाजीच्या नावाने असायची. भाजीला सांगितलेल्या गोष्टीला माणसाने उत्तर द्यायचं नसतं, हे हर्षला पहिल्याच महिन्यात शिकली होती.

आज मात्र तिला उत्तर द्यावंसं वाटत होतं, कारण मावशीचं बरोबर होतं. फक्त चौदा नव्हे, पंधरा. मागच्या दारचा नळ गळतोय का बघायला सासऱ्यांना पाठवलं ते तिने स्वतःच, मावशी कोथिंबीर खुडायला गेलेली असताना.

हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी रिक्षातून उतरलं होतं. आधी एक काठी, मग नवा गुडघा, मग अठ्ठावन्न वर्षांची सुचेता, हर्षलाची नणंद. तिच्यामागून सत्तावीस वर्षांचा एक काटकुळा मुलगा उतरला, अजेय. सुचेताचा शिष्य. अप्पांनी व्हरांड्यातून विचारलं, हे कोण. सुचेता रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होती, म्हणून उत्तर द्यायचं काम दत्तावर आलं. दत्ता बावन्न वर्षांचा, कर्जतच्या बाजारपेठेत स्वतःचं औषधांचं दुकान, पण वडिलांनी सरळ प्रश्न विचारला की त्याचं अर्धं वाक्य घशातच राहायचं. “ताईबरोबर आलेत,” एवढंच तो म्हणाला. “दोन दिवस. बघायला.”

काय बघायला, ते घशात राहिलं. त्याचा परिणाम पुढे यायचा आहे.

बघायचे होते अप्पांचे पाय. अप्पांचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड होता, विशीपासून. कशाने, याच्या नातेवाइकांत तीन कथा होत्या. एकीत माथेरानच्या छोट्या गाडीतून उडी होती, एकीत फणसाचं झाड आणि एकीत नुसताच ताप. खरी कुठली ते कुणी विचारलं नव्हतं, कारण या घरात त्या विषयाचा शब्दच नव्हता. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या गोदाआईंनी, म्हणजे हर्षलाच्या सासूबाईंनी, नवी नवरी असतानाच तो घरातून हद्दपार केला होता. उत्तरेकडून येणाऱ्या त्या गोड आंब्याला इथे ‘बनारसी’ म्हणायचे. मुलींनी अंगणात खेळायचा तो ‘एका पायाचा खेळ’. देवघरातल्या बाळकृष्णाला उभा महाराष्ट्र ज्या नावाने ओळखतो ते इथे चालत नसे, तो ‘रांगता’. दत्ताने शाळेत असताना एकदा कुणाच्या तरी सबबीला ते विशेषण लावलं होतं आणि गोदाआईंनी त्याला ताटावरून उठवलं होतं. अप्पा स्वतः गणिताचे मास्तर, त्यांनी या बंदीबद्दल कधी काही म्हटलं नाही. तेही ‘बनारसी’च म्हणायचे.

आणि अशा घरात सुचेताने शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर, अप्पा झोपायला गेल्यावर, मांडणी केली होती. अप्पांनी चालायला हवं. पुष्कळ चालायला हवं. आणि का ते त्यांना कळता कामा नये.

हर्षलाने तेव्हाच सांगितलं होतं की हे तिला पसंत नाही. दत्ताने सांगितलं होतं की त्याने काहीही ऐकलेलं नाही. वीस वर्षांची श्रिया तेवढी म्हणाली, आत्या, मी अप्पांचा चष्मा लपवते.

*

गच्चीवर आंब्याच्या मोहराचा वास होता आणि फरशीवर खडूने काढलेली पावलं होती. एक अख्खं पाऊल, पुढे नुसता चवडा. पुन्हा अख्खं पाऊल, पुन्हा चवडा. अप्पा चष्मा शोधत वर आले की श्रिया त्यांवर चटई पसरायची. उलट्या बादलीवर बसून सुचेता स्टीलच्या पेल्यावर चमच्याने ठेका देत होती आणि अजेय त्या खडूच्या पावलांवरून कंदील घेऊन चालत होता. पावसात खड्डे चुकवणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

“थांब,” ती म्हणाली.

तो थांबला. तीन दिवसांत तो नाचण्यापेक्षा थांबायलाच जास्त शिकला होता.

कर्जतच्या माणसाला सांगायला नको की घाट चढायचा तर गाडीला मागून इंजिन लागतं. त्या मागच्या इंजिनाचं आणि ते लावणाऱ्या माणसांचं संगीत नाटक एकोणतीस वर्षांपूर्वी रंगभूमीवर आलं होतं. ‘मागचं इंजिन’. त्याआधी सहा वर्षं सुचेता मुंबईतल्या नाटकांत तिसऱ्या रांगेत नाचत होती. झाड, लाट, गवळण, परत झाड. या नाटकात तिला मिशी मिळाली. दुसऱ्या अंकाच्या शेवटी रिकाम्या फलाटावर पायाने अधू असलेला एक कंदीलवाला येतो, मागच्या इंजिनाला कंदील दाखवतो आणि परत जातो. सात मिनिटं, शब्द नाही, ढोलकी आणि पाय. पहिलं दीड मिनिट लोक हसत. मग एकेक जण हसायचा थांबे. चारशे बारा प्रयोग झाले. त्यानंतर तिने एकतीस नाटकांत नाच बसवले, ज्यांना धड चालता येत नव्हतं अशा तीन नायिकांना गिरक्या घ्यायला लावलं, सरकारी पुरस्कार घेतला, आणि शाली इतक्या जमवल्या की त्यातल्या दोन जनामावशीच्या नातवंडांच्या अंगावर होत्या. पण विंगेत चहा देणारासुद्धा तिला ओळखायचा तो कंदीलवाली म्हणून.

आता मालोजी नावाचा नवा निर्माता ते नाटक पुन्हा आणत होता. तो आज लोणावळ्याहून परतताना चौक गावापाशी वळून दुपारी चार वाजता इथे येणार होता. नाच उभा राहिलेला दिसला तर राहील. नाहीतर त्या जागी दुसरा एक हुशार मुलगा बारा जणांचा समूहनाच बसवणार होता, बारा कंदील, बॅटरीवर चालणारे, रंग बदलणारे. मालोजीने हे फार आदबीने सांगितलं होतं. “ताई, तुमचा मान आहेच,” असं म्हणाला होता. या धंद्यात मान आहेच म्हणायला लागले की काम गेलेलं असतं, हे सुचेताला ठाऊक होतं.

स्वतः करून दाखवावं तर गुडघा धातूचा. ऑपरेशननंतर ती स्वतःही जरा कलती चालायची, पण ते कलणं इस्पितळातलं होतं. त्यात गंमत नव्हती. जुन्या प्रयोगाची एकुलती एक कॅसेट होती, तिच्यावर दत्ताने क्रिकेटची मॅच भरली होती. आणि शिकवावं तर तिला सांगताच येत नव्हतं की ती नेमकं काय करत असे. बाकी सगळे नाच तिने आकड्यांत बसवले होते, हा एकच तिने कधी मोजला नव्हता. सात वर्षांची असताना दहिवलीच्या धुळीच्या रस्त्यावरून ती अप्पांच्या मागोमाग शाळेत जायची. त्यांची पावलं धुळीत उमटायची, एक अख्खं, एक चवडा, आणि ती त्यांत आपले पाय ठेवत चालायची. नाच तेवढाच होता. तो बसवायला मुंबईला जावं लागलं, इतकंच.

अजेय कंदील खाली ठेवून म्हणाला, “ताई, एक विचारू का. आजोबांच्या पायाला खरंच काही आहे ना?”

“म्हणजे?”

“कारण ते सरळ चालतात. काल सकाळपासून बघतोय. माझ्यापेक्षा सरळ चालतात.”

श्रिया कठड्यावर बसून मोबाइलमध्ये बघत होती. तिने तो आत्यापुढे धरला. पंधरा खेपांचं चित्रण होतं त्यात, दाराच्या फटीतून, तुळशीच्या आडून, एक तर कपडे वाळत घालायच्या दोरीवरच्या परकराच्या आडून. अप्पा व्हरांड्यातून येत होते, जात होते. खांदे समांतर. पावलं सारखी. घड्याळाच्या काट्यासारखा माणूस.

सुचेताने चारदा पाहिलं. तीस वर्षं ज्या मालावर पोट भरलं तो दुकानातून नाहीसा झाला होता.

“आणि आत्या,” श्रिया म्हणाली, “त्यांनी बूट का घातलेत घरात?”

*

खाली, आपल्या खोलीत, दाराला कडी लावून अप्पा बूट काढून बसले होते. निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेले पांढरे कापडी बूट. डाव्यात त्यांनी जुन्या चपलेचा टाचेकडचा तुकडा कापून घातला होता, त्यावर पुठ्ठ्याच्या तीन घड्या. तळव्याला फोड आला होता. मांडीत चमक येत होती. चेहऱ्यावर मात्र, वर्गातल्या सगळ्यात द्वाड मुलाला फळ्याकडे पाठ असतानाच पकडणाऱ्या मास्तरांचं समाधान होतं.

ते भूमितीच्या पद्धतीने विचार करत. पक्ष : दिवाळीत ते जिन्यावरून दोन पायऱ्या घसरले, त्यावर दत्ता म्हणाला की या घराला जिने फार झालेत. मागच्या महिन्यात हर्षलाने न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. फ्रिजवर एक रंगीत कागद चिकटवलेला आहे, त्यावर नेरळ, माथेरानचा डोंगर, आणि दात दाखवून हसणारे दोन म्हातारे. ज्येष्ठांसाठी निवास. आणि शुक्रवारी एक तरुण मनुष्य ‘बघायला’ आला, जो कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, फक्त त्यांच्या पायांकडे बघतो आणि मध्येच वहीत काही टिपून घेतो. त्या घटकेपासून घरातला प्रत्येक जण त्यांना काहीतरी कारण काढून चालायला लावतो आहे. फोनची घंटा वाजते, धावत जावं तर पलीकडे कुणी नाही. चष्मा गच्चीवर सापडतो. ते गच्चीवर चष्मा नेतच नाहीत.

साध्य : डॉक्टर चालण्याची परीक्षा घेतो आहे. नापास झाले तर नेरळ.

सिद्धता पूर्ण झाली तेव्हा त्यांना राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं ते एवढंच, की सुचीने विचारलं नाही. ती वर्षाचे अकरा महिने मुंबईत, तिला कसलं ओझं. तरी डॉक्टर आणला तिनेच.

मग त्यांनी कपाटातून हे बूट बाहेर काढले. व्हरांड्यात बावीस फरशा होत्या. प्रत्येक फरशीवर एक पाऊल, बरोबर मध्यावर, टाच आधी. उभ्या आयुष्यात ते इतकं सरळ चालले नव्हते, गोदेला बघायला गेले होते तेव्हासुद्धा नाही.

बाहेरून श्रियाचा आवाज आला, अप्पा, फाटकाशी कुणी आलंय का बघता का. त्यांनी दात आवळून नाड्या बांधल्या. सोळावी खेप.

*

हर्षला गच्चीवर आली ती भांडायला. पदराला हात पुसत आली, हे भांडणाचं लक्षण होतं.

तिने नणंदेला सांगितलं की आता पुरे. तुम्ही दोन दिवस येता, मडक्यात भाजलेल्या पोपटीच्या शेंगा खाता, सगळ्यांना कामाला लावता आणि सोमवारी जाता. मागे त्यांच्या मांडीला तेल कोण लावतं? कालपासून दार लावून घेतात, जेवणावर लक्ष नाही, घरात बूट घालून फिरतात. काहीतरी बिनसलंय. नाच महत्त्वाचा असेल, पण ते माणूस आहेत.

सुचेताने चमचा पेल्यात टाकला. नेहमी ती उलट बोलायची, म्हणून हर्षला थोडी अडखळली. मग तिचं लक्ष फरशीवरच्या खडूकडे गेलं. एक अख्खं पाऊल, एक चवडा. ती बघत राहिली.

“हे चुकलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“दोन पावलांत अंतर जास्त होतं. तुम्ही कंदील उजवीकडून डावीकडे घ्यायचात ना, तिथे. एक लांब पाऊल पडायचं.”

सुचेताने विचारलं, तुला काय माहीत. गोदाआईंचा दंडक होता की नाटकाचं नाव या घरात निघायचं नाही. पनवेलला प्रयोग लागला की आईला ताप यायचा आणि अप्पा उशाशी बसायचे. खुद्द कर्जतला प्रयोग झाला तेव्हा ती त्यांना महडच्या गणपतीला घेऊन गेली आणि शेवटची एसटी डोळ्यांदेखत जाऊ दिली. घरातल्या कुणीच ते नाटक पाहिलेलं नव्हतं.

“मी घरातली नव्हते तेव्हा,” हर्षला म्हणाली. “पनवेलला पाहिलं, कॉलेजात असताना. दोनदा. दुसऱ्यांदा फक्त त्या सात मिनिटांसाठी. मग लग्न होऊन इथे आले. दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीतून पाहिलं, तर सासरे तांब्या घेऊन विहिरीकडे चालले होते.” ती खडूच्या पावलांकडे बघतच बोलत होती. “मला हसू आलं आधी. मग तुमच्या प्रेक्षकांचं व्हायचं तसंच झालं.”

पंचवीस वर्षं हिने ते पोटात ठेवलं होतं. बिरडं सोलताना, तेल लावताना, नणंदेच्या शाली कपाटात घड्या घालून ठेवताना.

“बारा कंदील आणणार आहे म्हणे तो मालोजी,” सुचेता म्हणाली.

“बॅटरीचे,” श्रियाने भर घातली.

हर्षलाने पदर खोचला. “जेवण झाल्यावर मी त्यांना अंगणातून कढीपत्ता आणायला सांगते. कढीपत्त्याला वाकावं लागतं. बूट असले तरी वाकताना काय ते दिसेल.”

जिन्यात उभ्या असलेल्या दत्ताने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तो दुकान अर्ध्यात बंद करून बायकोला सामील व्हायला आला होता, बहिणीला गप्प करायला. आता तो एकटाच उरला होता. त्याने म्हटलं की हे बरं नाही, आईने इतकी वर्षं जपलं, आणि आपण त्यांना कढीपत्त्यासाठी वाकवायचं. शिवाय अप्पांना कळलं तर ते काय म्हणतील? आयुष्यभर जे कुणाला दिसू नये म्हणून धडपडले, ते पोटच्या मुलीने चारशे वेळा तिकीट लावून दाखवलं. याचा विचार केला का कुणी?

केला होता. सुचेताने तर एकोणतीस वर्षं तेवढाच केला होता. पुरस्काराच्या भाषणात तिने गुरूंची नावं घेतली, ढोलकीवाल्याचं घेतलं, मिशी चिकटवणाऱ्याचंही घेतलं. पहिल्या रांगेत अप्पा बसले होते. त्यांचं घेता आलं नाही.

“बाबा, कॅसेटवर मॅच कुणी भरली?” श्रियाने विचारलं.

दत्ता वर येऊन खडूच्या पावलांपाशी उभा राहिला. मग म्हणाला, कढीपत्ता नको, तिथे खाली दगड आहेत. पडलेली लिंबं सांगा.

*

जेवायला बिरडं होतं, तांदळाची भाकरी होती, आणि सगळेच अप्पांना आग्रह करत होते, त्यामुळे अप्पांची खात्री पटली. कोंबडीला कापण्याआधी दाणे घालतात. समोर डॉक्टर बसला होता आणि चौथी भाकरी खात होता. डॉक्टरच्या मानाने त्याला भूक फार होती.

ताकभात संपल्यावर हर्षलाने तोंड उघडलं, “अप्पा, जरा अंगणातून दोन लिंबं...”

“लिंबं नंतर,” अप्पा म्हणाले आणि उठून उभे राहिले. वर्गावर नवीन धडा सुरू करताना उभे राहत तसे. “डॉक्टर, जेवण झालं असेल तर वही काढा.”

अजेयने मागे वळून पाहिलं. मागे फ्रिज होता.

“बावीस फरशा आहेत. मी जाऊन परत येतो. एकदाच. नीट बघा आणि निकाल माझ्यासमोर सांगा, माझ्या मागे नको.” मग ते दत्ताकडे वळले. “पास झालो तर मी नेरळला जाणार नाही. नापास झालो तरी जाणार नाही, पण मग तुम्हाला बोलता तरी येईल.”

आणि ते चालले. जनामावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पांढऱ्या बुटांतला ताठ म्हातारा एकेक फरशी घेत टोकापर्यंत गेला, वळला आणि परत आला. खांदे समांतर. एवढं सुंदर, सरळ आणि निरुपयोगी चालणं सुचेताने कधी पाहिलं नव्हतं. परत आले तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता आणि हात टेबलाची कड शोधत होता.

“नेरळला कोण जातंय?” दत्ताने विचारलं.

अप्पांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. हर्षला उठली, तो रंगीत कागद ओढून काढला आणि उलटा करून त्यांच्या हातात दिला. मागे तिच्या अक्षरात गॅसवाल्याचा नंबर होता आणि खाली ‘मावशी – खराटा आणणे’.

अप्पांनी दोन्ही बाजू वाचल्या. “आणि न्हाणीघरातली दांडी?”

“माझी कंबर धरते,” हर्षला म्हणाली. “माझ्यासाठी लावलीय ती.”

अप्पा हळूच खुर्चीवर बसले. सिद्धता दुसऱ्याच ओळीत चुकली होती, आणि त्यावर त्यांनी दोन दिवस बूट घातले होते. “मग हे डॉक्टर?”

“आजोबा, मी डॉक्टर नाही,” अजेय म्हणाला. “मी नाचतो.”

“व्यवसाय म्हणून?”

“हो.”

“मग दोन दिवस माझ्या पायांकडे काय बघत होतास?”

आता सगळे एकदम बोलले. दत्ता म्हणाला, बूट. त्याला जुन्या बुटांची आवड आहे. श्रिया म्हणाली, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, ज्येष्ठांचा व्यायाम. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि श्रियाने, बूट घालून व्यायाम, अशी दुरुस्ती केली. हर्षला त्यांच्यापेक्षा प्रामाणिक होती, ती म्हणाली, तुमची चाल बघत होता.

“माझी चाल. कशी आहे माझी चाल?”

अप्पांनी खडू नसलेला हात उचलला, वर्गात उचलत तसा. “दत्ता.”

“चांगली आहे.”

“चांगली म्हणजे? श्रिया, तू सांग.”

“युनिक आहे.”

“मराठीत. हर्षला.”

“ढबदार आहे,” हर्षला म्हणाली आणि खाली बघायला लागली.

“जनाबाई, तुम्ही तरी.”

“मला भांडी पडल्यात,” जनामावशी म्हणाली, पण हलली नाही.

अप्पांचा हात सुचेतापाशी आला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते. मालोजी यायला सव्वादोन तास. तिला वाटलं, अजून एखादी थाप मारता येईल. नाच गेला तर गेला, बारा कंदील तर बारा. वडील राहतील. मग तिची नजर खाली गेली. डाव्या बुटातून पुठ्ठ्याचा एक कोपरा बाहेर आला होता आणि त्याच्याभोवती पांढऱ्या कापडावर रक्ताचा रुपयाएवढा डाग होता. घरातून कुणी घालवू नये म्हणून हा माणूस दोन दिवस स्वतःला पुसत होता, आणि त्याला ते शिकवलं होतं त्यांनीच, सगळ्यांनी मिळून, इतक्या मायेने.

तिने काठी बाजूला ठेवली.

“लंगडी,” ती म्हणाली. “अप्पा, तुमची चाल लंगडी आहे. तुम्ही लंगडता. त्या नाटकातला कंदीलवाला तुम्ही आहात. चारशे बारा प्रयोग मी तुम्हाला नाचले आणि एकदाही सांगितलं नाही.”

दारातून ताटली पडल्याचा आवाज यायला हवा होता, पण जनामावशीने ती पोटाशी घट्ट धरली होती. दत्ताने डोळे मिटले होते. आई आता ताटावरून उठवेल, असं त्याच्या तोंडावर होतं.

अप्पांनी वाकून नाड्या सोडल्या. उजवा बूट, डावा बूट. पुठ्ठा काढला, चपलेचा तुकडा काढला, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“लोक हसायचे?” त्यांनी विचारलं.

“हसायचे. दीड मिनिट. मग गप्प व्हायचे.”

“दीड मिनिट,” अप्पा म्हणाले. हिशेब बरोबर असल्यासारखी मान हलवली. ते अनवाणी उठले, टेबलाची कड सोडली, आणि अजेयच्या नजरेचा माग काढत स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. तो मुलगा सवयीने तिथेच बघत होता.

“डावीकडे काय बघतोस रे,” ते म्हणाले. “हा काही करत नाही. लंगडा माणूस चांगल्या पायानं लंगडतो. उजव्याकडे बघ.”